मागच्या सीटवरची हॅलोताई

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या बाईला सगळे हॅलोताई म्हणत. कानाला हेडफोन लावून ती दिवसभर लोकांचं ऐकायची. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, पाइप फुटलाय. पाइपावरून सुरू झालेलं बोलणं सुनेवर जायचं, गुडघ्यांवर यायचं, कधी गेलेल्या भावापर्यंत पोचायचं. ती कुणालाच तोडायची नाही. ताई, जरा आटपतं घ्या, असं साहेब येताजाता सांगून थकले होते.

घरी मात्र शुकशुकाट. नवरा लिफ्टचा मिस्त्री, उभा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात नाहीतर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत एकट्याने काढलेला. भांडण नाही, तंटा नाही, पण बोलणंही नाही. मीठ कमी आहे का विचारलं तर मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणाली की नाही, हे तिला इतक्या वर्षांतही नीट उमगलं नव्हतं. लेक लग्न होऊन लांब गेल्यापासून तर घरात आवाज असायचा तो भांड्यांचाच.

तोच माणूस निवृत्त झाल्यावर एका रविवारी आपणहून म्हणाला, "मोटरसायकलवरून वाळवंट पार करून यावं म्हणतो. येतेस?"

तिने आधी हो म्हटलं आणि कंबरेचा विचार नंतर केला. जावयाने दोघांसाठी हेल्मेटं पाठवली, आत कानाशी स्पीकर आणि तोंडाशी माइक असलेली. गाडी चालू असतानाही आता गप्पा मारता येतील तुम्हाला, असं लेक फोनवर हसत म्हणाली.

पहिल्या दिवशी त्या स्पीकरमधून तिला ऐकू आलं ते एवढंच: खड्डा आहे, धरून बस, पाणी पी. तिने एकदोन विषय काढून पाहिले. पलीकडून नुसतं हूं. वाळवंट लागल्यावर बघायलाही काही उरलं नाही. दोन्ही अंगांना फिकट वाळू आणि डोळ्यांसमोर त्याची पाठ. जॅकेटच्या शिवणीतून सुटलेला एक दोरा वाऱ्यावर फडफडत होता, तोच ती बघत बसायची.

पुढच्या दिवशी पेट्रोल भरताना तिचं हेल्मेट हातातून निसटलं आणि माइकची वायर तुटली. तिने हॅलो हॅलो करून पाहिलं, त्याच्या कानात काही पोचेना.

"गेलं ते," तो म्हणाला. "मुक्कामाला बघतो."

गाडी निघाली आणि थोड्या वेळाने तिच्या कानात आवाज आला. "चल बाई. एवढा चढ काढ, मग उतारच आहे."

तिला वाटलं, आपल्यालाच म्हणतोय. काय हो, असं तिने विचारलंही, पण ते जाणार कुठून? मग तिच्या ध्यानात आलं. तो मोटरसायकलशी बोलत होता. तिचा फक्त माइक गेला होता. कानाशी सगळं येत होतं, आणि त्याला त्याची कल्पनाच नव्हती.

दुपारभर तो बोलत राहिला. गाडीला तापलीस का विचारत होता, वाऱ्याला नावं ठेवत होता. त्या आवाजात जो मऊपणा होता, तो तिने बाळंतपणातसुद्धा ऐकला नव्हता. आपल्या माणसाला बोलणं जमतच नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती. जमत होतं की. चांगलं जमत होतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तो असाच बोलत असणार, आणि बोलणं तिथेच संपवून घरी येत असणार.

"मागे ती बसलीये," तो मध्येच म्हणाला. "थकली असेल. विचारलं तर म्हणेल, काही नाही."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "आता दिवसभर घरात बसायचं. तिच्याशी काय बोलायचं गं? मला सुचतच नाही काही. भीती वाटते बघ."

त्याच्या खांद्यावर ठेवायला तिने हात उचलला आणि परत मांडीवर घेतला. सांगितलं असतं तर तो गप्प झाला असता. न सांगावं तर हे दाराला कान लावून ऐकणं झालं. परक्यांची गाऱ्हाणी ती रोज ऐकत होती, आणि घरच्या माणसाचं गाऱ्हाणं कानावर पडलं तेही दुसऱ्या कुणाला सांगितलेलं. काचेआड डोळे भरून आले. पुसताही येईना.

मुक्कामाच्या खोलीत दोन लोखंडी खाटा आणि एक टेबल होतं. टेबलाशी बसून त्याने सुरीच्या टोकाने वायर सोलली, पीळ दिला, चिकटपट्टी गुंडाळली. आपलं हेल्मेट चढवून म्हणाला, "म्हण हॅलो."

"हॅलो," ती म्हणाली. "अहो, ऐकायचं बंद नव्हतंच पडलं. दुपारभर येत होतं मला."

त्याने हेल्मेट काढून खाली ठेवलं. "सगळं?"

"सगळं."

गाडी झाकून येतो म्हणून तो उठून गेला आणि बराच वेळ आलाच नाही. खिडकीतून तिला दिसत होता. गाडीपाशी उभा होता, तोंड मिटून. मनातलं बोलायची त्याची एकच जागा होती, तीही आपण काढून घेतली, असं तिला राहून राहून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कानात फक्त वारा. तो तिच्याशी बोलेना, गाडीशीही बोलेना. वाळूचा मोठा पट्टा मागे पडल्यावर तिनेच तोंड उघडलं. उत्तराची वाट न बघता बोलत गेली. कचेरीत रोज फोन करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं सांगितलं. पाणी आलं का विचारलं की तो म्हणायचा, आलं हो, पाणी येतंच. साहेबांचं सांगितलं. मग लेक सासरी गेल्यावर आपण सुटीच्या दिवशी दुपारच्या तिच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसायचो, तेही सांगून टाकलं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

समोरची पाठ हलली नाही. गाडीचा वेग मात्र उतरला आणि वाऱ्याचा घोंघाट कमी झाला. रस्त्यावर वाळू आली होती, म्हणूनही असेल. तिने विचारलं नाही.

वाळवंट सरून पहिलं मोठं झाड लागलं तिथे त्याने गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तो म्हातारा एकटाच राहतो का?"

"एकटाच," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. त्या सावलीत दोघं आळीपाळीने बाटलीतलं पाणी पीत उभी राहिली.