‘स्वभाव शांत’ हा शेरा

हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. त्यात खून नाही, चोरी नाही, कोणाला अटकही झाली नाही. जे चुकलं ते माझ्याच हातून चुकलं, म्हणून ते लक्षात राहिलं असावं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ; बंदोबस्तातून सुटका म्हणून नव्हती. शहरातलं तापलेलं वातावरण पाहून बऱ्या घरच्या लोकांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा सपाटा लावला होता. वरच्या कचेरीतून ते अर्ज आमच्याकडे चौकशीला येत. धंदा काय, पूर्वी शिक्षा झाली आहे काय, शेजाऱ्यांचं मत काय, असे रकाने भरून अहवाल परत पाठवायचा. बंदोबस्तावरून येताना वाटेत घर लागलं, की मी चौकशी उरकून टाकत असे. उरकणं हाच शब्द बरोबर आहे.

असाच एक अर्ज होता. अर्जदाराला मी इथे नाना म्हणतो. जुनं पाठारे प्रभू घराणं, एके काळी बागाईत बाळगून असलेलं. नाना मात्र एका सॉलिसिटरच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांची पत्नी, दोघंच. अर्जात कारण लिहिलं होतं, स्वसंरक्षण. मी समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, “सज्जन माणूस हो. हल्ली तर इतके शांत असतात, की घरात आहेत की नाहीत ते कळत नाही.”

मी ‘हल्ली’ गाळलं आणि रकान्यात लिहिलं, ‘स्वभाव शांत’. परवाना मंजूर झाला.

काही दिवसांनी ठाण्यात फोन आला. फोर्टमधले एक बंदुकांचे दुकानदार बोलत होते. परवान्यावर आमच्या ठाण्याची हद्द पाहून त्यांनी फोन केला होता.

“साहेब, तुमच्याकडचे एक गृहस्थ सकाळी बंदूक घ्यायला आले होते. कागद चोख आहेत. पण मला काही बरं वाटेना.”

“का?”

“बंदूक घेणारा माणूस ती हातात धरून बघतो, वजन अजमावतो, तेल कुठलं घालायचं ते विचारतो. यांनी बघितलीसुद्धा नाही. कुठलीही द्या म्हणाले. आणि काडतुसं मागितली दोन. पेटी घ्या म्हटलं, तर म्हणाले, दोन पुरेत. मी सांगितलं, माल तपासून उद्या देतो. आता तुम्ही बघा.”

कागद चोख होते, कारण ते मीच चोख केले होते. मी टोपी उचलली आणि तसाच निघालो.

नानांच्या गल्लीच्या तोंडाशी एक कोळीण मासळी घेऊन बसायची. वर्षानुवर्षं तिथेच बसणाऱ्या बाईला प्रत्येक घरातलं माहीत असतं. नानांबद्दल विचारलं तशी ती म्हणाली, “सायेब, नाना आता भांडत नाय.”

“म्हणजे?”

“आदी कसा यायचा? घोळीचे कल्ले उघडून बगायचा, वास घ्यायचा, मला शिव्या घालायचा, मी त्याला घालायची. आता देईन ते पिशवीत टाकतो नि जातो. परवा मी मुद्दाम नरम पडलेली मासळी दिली, म्हटलं आता तरी भांडेल. तीपण घेऊन गेला. त्याला काय झालंय, तुमी बगा.”

प्रभू मंडळी म्हणजे मासळीची पक्की पारखी; त्यातला माणूस शिळी मासळी बिनतक्रार घरी नेतो, हे काही साधं नव्हतं. मास्तरांचं ‘हल्ली’ मला तिथे आठवलं.

घरी गेलो. नाना खुर्चीत बसले होते, कपडे नीटनेटके, दाढी केलेली. त्यांच्या पत्नी चहा ठेवायला आत गेल्या. मी नोकरीत अनेक जबान्या घेतल्या आहेत, पण त्या दिवशी कुठून सुरुवात करावी ते कळेना. शेवटी सरळच विचारलं.

“नाना, काडतुसं दोनच का?”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. नानांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, “ती मागे एकटी कशी राहील, साहेब?”

मी हादरलो. पण आवाज चढवला नाही. म्हटलं, “त्यांना विचारलंत?”

“नाही.”

“मग आता विचारा. मी बसलोय.”

त्यांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. कप हातात तसाच होता. म्हणाल्या, “यांचा राग गेला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली हो. चार महिने झाले. मला वाटलं, माणूस निवळला.”

नाना तेव्हा रडले. ते थांबल्यावर त्यांनी कपाटातून परवाना काढला आणि स्वतःहून माझ्या हातात दिला. असं का वाटतं ते विचारलं, तर त्यांना सांगता येईना. “कशातच चव लागत नाही,” एवढंच म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरच्या डॉक्टरांनी त्यांना परळच्या इस्पितळात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या पत्नीच्या माहेरची माणसं येऊन राहिली.

परवाना परत पाठवताना मी लिहिलं, की माझा आधीचा अहवाल चुकीचा होता. आमच्या वरिष्ठांनी विचारलं, “गुन्हा नाही, तक्रार नाही, कुठल्या रकान्यात बसवू हे?” म्हटलं, “रकाना नाहीच साहेब, तीच तर अडचण आहे.” माझ्या नोकरीच्या नोंदीत ठपका आला. तो मला रास्तच वाटला.

पुढे बऱ्याच महिन्यांनी त्या गल्लीवरून जाताना भांडण ऐकू आलं. “ही घोळ कालची आहे! मला शिकवतेस?” नाना कल्ले उघडून उभे होते आणि कोळीण त्यांच्या सात पिढ्या काढत होती. सार्वजनिक शांततेचा उघड भंग होता. मी फौजदार असून कोपऱ्यावर उभा राहून तो मनसोक्त ऐकला.

आता अर्जाबरोबर डॉक्टरांचा दाखला लागतो. फार चांगलं झालं. पण डॉक्टर माणसाला घटकाभर बघणार. चौकशी अधिकाऱ्याने निदान तो मासळी कशी घेतो एवढं तरी विचारावं. त्यानंतरच्या साऱ्या नोकरीत कोणी ‘शांत माणूस’ म्हटलं, की मी पुढचा प्रश्न विचारायचोच: कधीपासून?

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. परवा माझी सून आमच्या डॉक्टरांना फोनवर सांगत होती, “बाबांचा काहीच त्रास नाही, हल्ली अगदी शांत असतात.” मी तिच्या हातातून फोन घेतला आणि डॉक्टरांना म्हटलं, “तिला विचारा, कधीपासून. नाहीतर असं करा, मीच सांगतो.”