माझ्या आवाजाएवढी वंदना

२०२४ साल. मला पंच्याहत्तरावं लागलं होतं आणि माझा आवाज गेला होता.

गेला म्हणजे मुका झालो नव्हतो. नांदेडला घशातली गाठ काढली, तेव्हापासून गळ्यातून जे निघायचं ते वाळल्या कडब्यावर पाय पडल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, जीव वाचला यात समाधान माना. त्याला काय माहीत? चुडाव्याजवळच्या आमच्या गावात विहाराच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हापासून वंदना मी द्यायचो. लग्न असो, नामकरण असो, कुणी गेलेलं असो, मी पुढं आणि गाव मागं. शाळेत तिसरीच्या पुढं गेलो नाही, पण विहारात माझ्या पुढं कुणी बसलं नाही.

सून म्हणाली, "आबा, तुमची तब्येत सुधरंस्तोर मी म्हणते."

तिचा आवाज चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी तिला सांगितलं, "माझी जागा रिकामी झालेली न्हाई. तवर मोबाईल लावा."

मग रोज सकाळी माझ्या आसनाशेजारी माझा पोरगा स्पीकरचा खोका ठेवायचा आणि मोबाईलमधली वंदना लावायचा. कुण्या अनोळखी माणसाचा गोड आवाज. गाव त्याच्यामागं म्हणायचं. मशीन काही कुणासाठी थांबत नाही. म्हाताऱ्या बाया मागं राहायच्या आणि ते आपलं पुढं निघून जायचं. मी आसनावर ओठ मिटून बसायचो. बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा सुनेनं परत विचारलं, मी परत नाही म्हणालो. हट्टाला मी नावं ठेवत नाही. हट्ट नसता तर तो विहारच उभा राहिला नसता.

नात परभणीला विद्यापीठात शेतीचं शिकते. तिचा फोन आला.

"आबा, रविवारी आमच्या बौद्ध विद्यार्थी मंडळात या. छप्पन्न सालची दीक्षा डोळ्यांनी बघितलेला माणूस पोरांना बघायचाय."

"मला बोलता येत न्हाई."

"बघायचाय म्हणलं मी. ऐकायचाय कुठं म्हणलं?"

ही जीभ तिला माझ्याकडूनच आलेली. पॅसेंजरनं गेलो.

मंडळाला बसायला बियाण्याच्या जुन्या गोदामातली एक खोली दिलेली होती. आत अजून ज्वारीचा वास होता. मला वाटलं होतं खुर्च्या असतील, हार असेल, कुणीतरी भाषण करील. तसलं काही नव्हतं. सतरंज्या होत्या. झाडणं, रांधणं, वंदना देणं, सगळं आळीपाळीनं. त्या दिवशी दारात चपला लावायची पाळी एका दांडग्या पोराची होती. नात म्हणाली, हा मेंढरं राखणाऱ्या घरचा, बौद्ध नाही, पण एक रविवार चुकवत नाही. म्हणतो, इथं बसलं की डोकं निवतं. मी चपला काढल्या. त्यानं त्या दोन्ही हातांनी उचलल्या, माती झटकली आणि तोंड बाहेर करून ठेवल्या, म्हणजे जाताना पाय सरळ आत जावा.

माझ्या लहानपणी पाटलाच्या दारावरून जाताना माझा बाप आपल्या चपला हातात घ्यायचा. मी त्या पोराकडं बघतच राहिलो. तो म्हणाला, "आबा, आत बसा की. चपला कुठं जात न्हाईत, मी हाय इथं."

वंदना द्यायची पाळी एका पोरीची होती. बारीक अंगाची, त्रिपुराच्या डोंगरातली. आमच्या विद्यापीठात देशभरातून पोरं येतात हे ऐकून होतो, पण त्यात बौद्ध असतील हे डोक्यातच आलं नव्हतं. बौद्ध म्हणजे आपण, एवढंच मला ठाऊक. ती समोर बसली, माझ्याकडं बघून हसली आणि म्हणायला लागली. शब्द आपलेच, चालही आपली. माझ्यासाठी तिनं आमच्याकडची चाल मैत्रिणींकडून शिकून घेतली होती.

दुसऱ्यांदा शरण जायच्या 'दुतियम्पि'पर्यंत नीट आली. तिथं तिच्या गावाची चाल मधेच घुसली. अर्धं आमचं, अर्धं तिचं, आणि ती अडकली. गप्प झाली.

माझ्या ओठावर पुढचा शब्द आलाच होता. इतकी वर्षं कुणी अडलं की मीच ढकलत आलो. नातीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आबा, इथं कुणी सांगत न्हाई. थांबतेत."

आणि खरंच, सगळे थांबले. कुणी खाकरलं नाही, कुणी हसलं नाही, कुणी मोबाईलकडं बघितलं नाही. एवढी तरणी पोरं दाटून बसलेली आणि वरच्या पंख्याची करकर तेवढी ऐकू यायची. पोरगी डोळे मिटून बसली होती. तिला लाज वाटत होती असंही दिसेना. मग तिनं श्वास घेतला आणि तिच्या डोंगरातल्या चालीत सुरू केलं, लांबत जाणारं, शेवटी खाली उतरणारं. अख्खी खोली त्याच चालीत तिच्यामागं गेली. आमच्या सेलूचं, जिंतूरचं, पूर्णेचं पोरगं त्रिपुराच्या चालीत म्हणत होतं.

वंदना झाली, डोळे मिटून बसणं झालं. मग मला म्हणाले, सांगा. घसा खरडत सांगितलं. दीक्षेच्या वेळी मी सहा-सात वर्षांचा होतो. बापानं देवघरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले, ते आठवतं. पण पोरांना मी दुसरंच सांगितलं. गावात कुणालाच वंदना येत नव्हती. एकजण येऊन तुकड्या-तुकड्यानं म्हणवून घेऊन गेला. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी. औत हाकता हाकता तो घोकायचा. शब्द अडला की बापाचं पाऊल थांबायचं, पाऊल थांबलं की बैल थांबायचे. शब्द आठवला की सगळे मिळून पुढं.

"मालक काय म्हणायचा?" चपलावाल्या पोरानं विचारलं.

"म्हणायचा, ह्या गड्याच्या बैलाला आजकाल काय झालंय!"

सगळी खोली हसली. ती त्रिपुराची पोरगी हसली नाही. तुटक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, तुमचे वडील पहिले?"

"आमच्या घरात पहिले. तुमचा समाज कधी आला धम्मात?"

"माहीत नाही. आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, तिच्या आजीला पण माहीत नव्हतं. पहिल्यापासूनच." मग म्हणाली, "आमच्यात पहिला माणूस कुणी बघितला नाही. तुम्ही बघितला."

मी तिच्याकडं बघत होतो, जिच्या घरात धम्म कुणाच्या आठवणीच्याही मागं गेलेला. आणि ती माझ्याकडं असं बघत होती की जणू नदी जिथून निघते ती जागाच बघतेय.

निघायच्या आधी शेवटची वंदना पाहुण्यानं द्यायची, अशी त्यांची रीत. नातीनं हे मला आधी सांगितलं नव्हतं, लबाड. मी हातानं नको म्हणालो. सगळे बसून राहिले. आता ह्या पोरांच्या थांबण्याला काय करता? उठावं तर इज्जत जाते, बसावं तर गळा नाही.

'नमो तस्स' म्हणालो. घशात चिरकलं. परत म्हणालो. ह्या खेपेला आवाज आला, पण कुजबुजीएवढा. मला वाटलं, आता हे मागून जोरात उचलतील आणि माझं त्याच्यात बुडून जाईल. गावात हेच तर झालं असतं, म्हणून तर मी ओठ मिटले होते.

मागून आवाज आला तो माझ्याएवढाच. दांडग्या दांडग्या पोरांनी, पोरींनी आवाज दाबून माझ्या कुजबुजीच्या पातळीवर आणला. कुणी कुणाला खूण केली नव्हती. मी अडलो की ते थांबले, मी बोललो की तेवढ्याच आवाजात ते बोलले. ज्वारीच्या कोठारात रात्री वारा शिरतो तसा आवाज. मी गावाला वर्षानुवर्षं माझ्यामागं म्हणायला लावलं, पण माझ्यासाठी कुणी आवाज लहान केलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि आवाज लहान झाला म्हणून वंदना कुठं लहान झाली नव्हती. भिंती भरून गेल्या होत्या.

नंतर पिठलं-भाकरी. त्रिपुराच्या पोरीनं घरून आणलेलं बांबूच्या कोंबाचं लोणचं काढलं. त्याचा वास असा की चपलावाला पोरगा नाक धरून म्हणाला, "हे खाऊन निब्बाण मिळतंय का जीव जायलाय?" ती म्हणाली, "आधी खा, मग कळव." मी दोनदा घेतलं. मागं हटणारा माणूस मी नव्हे.

रात्री परभणीत भाचीकडं राहिलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं चुडाव्याला उतरलो आणि घरी न जाता सरळ विहारात गेलो. पोरगा खोका लावत होता. बाया जमल्या होत्या. मी वाकून वायर उपटली.

"आबा, आवाज आला का?" सुनेनं विचारलं.

"न्हाई. तुझा हाय की. म्हण."

माझं आसन मात्र मी तिला दिलं नाही. तिचं तिला आणायला लावलं आणि माझ्या शेजारी टाकायला सांगितलं. तिनं पदर सावरला, सुरू केलं. तिसऱ्या ओळीला गोंधळली, थांबली आणि माझ्याकडं बघितलं. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता.

मी खाली फरशीकडं बघत बसलो आणि थांबलो.