रांगोळीवरून गेलेली गाडी

नारळ फुटला, सगळ्यांच्या हातावर खोबरं पडलं आणि वानखडे सरांनी गाडी सुरू केली. अमरावतीच्या बडनेरा रोडवरच्या एका वर्कशॉपमधून त्यांची दुरुस्त झालेली गाडी बाहेर पडत होती. सर राजापेठेत गणिताचे क्लास घेतात. शेजारी त्यांच्या पत्नी सुमनकाकू, मागे सून आणि दोन नातवंडं, डिकीत सामान. तिथून थेट चिखलदरा, असा बेत होता.

मी मोटार सर्व्हेअर आहे, राहते अकोल्याला. अपघातात गाडीचं काय मोडलं आणि ते नीट दुरुस्त झालं का, हे विमा कंपनीसाठी तपासणं माझं काम. सरांच्या गाडीला वलगावजवळ मागून एका मेटॅडोरने ठोकलं होतं. त्या दिवशी मी री-इन्स्पेक्शनला, म्हणजे दुरुस्तीनंतरच्या तपासणीला आले होते. नवा बंपर, नवी डिकी, रंगाला नाव ठेवायला जागा नाही. लिफ्टवर चढवून खालूनही बघितलं, तर सगळीकडे ताजं काळं कोटिंग. फोटो काढून झाले आणि मी खोबरं चघळत फाटकाशी उभी राहिले.

काकूंनी फाटकात रांगोळीचा जाड, आडवा पट्टा काढला होता. गाडी त्यावरून गेली आणि मी सहज खाली बघितलं. पुढच्या आणि मागच्या टायरचे ठसे एकावर एक पडायला हवेत. इथे मात्र पुढच्या चाकाचा ठसा एकीकडे आणि मागच्याचा त्याच्या डावीकडे सरकलेला. दुसऱ्या बाजूलाही तेच, तिथेही डावीकडेच!

माझ्या छातीत धडधडायला लागलं. खरं सांगते, भीतीने नाही, आनंदाने. दुसऱ्याच्या गाडीत खोट सापडली की हिला दिवाळी, असं माझा नवरा म्हणतो. तो चुकत नाही.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या रुंदीत कंपनीच कधी थोडा फरक ठेवते, पण मग तो दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. दोन्ही ठसे एकाच बाजूला सरकले, तर मागचा अख्खा भाग बाजूला गेलेला असतो. आमच्याकडे याला डॉग ट्रॅकिंग म्हणतात. कुत्रं कसं तोंड समोर ठेवून अंग तिरकं करून पळतं, तशी गाडी चालते. कोरड्या सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटातल्या ओल्या वळणावर जोरात ब्रेक लावला, की मागचा भाग आपल्या वाटेने जायला बघतो.

मी धावले आणि गाडीच्या बॉनेटवर हात आपटून ती थांबवली.

वर्कशॉप मॅनेजर राऊत माझ्यामागे पळत आला. "म्याडम, तुमी कावून टेन्शन घेऊन राहिल्या? अलाइनमेंट ओके हाये." अलाइनमेंट ओके होतीच, पण त्यांच्या मशीनवर पुढचीच चाकं तपासली जातात. मग त्याचं म्हणणं पडलं, की सरांनी फाटकात स्टेअरिंग वळवलं असेल. हा मुद्दा बरोबर होता. वळताना मागची चाकं आतून जातातच. म्हणून मी म्हटलं, गाडी मागे घ्या, पुन्हा सरळ काढून बघू.

यावर काकू खाली उतरल्या. "नारळ फुटल्यावर गाडी मांगं घ्याची नसते, बाई."

मी डोक्याला हात लावला. सर मात्र स्टेअरिंगवर बोटं वाजवत माझ्याकडे बघत होते.

"लेकरायले घेऊन घाटात चाललो मी," ते म्हणाले. "सरळ सांगा, जाऊ का नको?"

"आत्ता नको, सर. एकदा खात्री करू द्या."

वर्कशॉपला मागच्या गल्लीतून दुसरं फाटक आहे, हे मला आठवलं. म्हटलं, मागे घेऊच नका, पुढेच जा. वळसा घालून मागच्या फाटकाने आत या. काकूंनी क्षणभर विचार केला आणि पिशवीतून रांगोळीचा डबा काढून माझ्या हातात दिला.

आम्ही सगळे मागच्या फाटकाकडे पळालो. आतल्या लांब सरळ फरशीवर मी स्वतः पट्टा ओढला, तोही वेडावाकडा. सरांनी स्टेअरिंग सरळ धरून गाडी हळूहळू त्यावरून नेली. आम्ही सगळे ओणवे झालो. ठसे पुन्हा डावीकडेच सरकलेले! मी चक्क टाळी वाजवली. राऊतने गाडी लिफ्टवर घेऊन बटण दाबलं.

आजकालच्या गाडीला वेगळी चेसिस नसते. बॉडी हाच सांगाडा. मागे खालून दोन पोकळ, चौकोनी पट्ट्या जातात, त्यांना लाँग मेंबर म्हणतात. मागून धक्का बसला, की त्या चुरगळून मार झेलतात. आम्ही ट्रॅम गेज, म्हणजे सरकत्या टोकांची लांब मोजपट्टी, लावून खालचे कर्ण मोजले. ते सारखे भरायला हवेत, पण एक मोठा, दुसरा लहान. गणिताच्या सरांना यापुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. राऊतने स्वतः उजव्या मेंबरवरचं कोटिंग खरवडलं आणि आत पत्र्याची घडी निघाली. चांगलं बोट बसेल एवढी. डिकीच्या तळाचा पत्रा ठोकून सरळ केला होता, पण त्याखालचा मेंबर कोणी मोजलाच नव्हता.

काकूंनी ती घडी बोटाने चाचपली, मग नातवंडांकडे बघितलं आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. तोवर मी आनंदात होते. त्यांचा चेहरा बघितला आणि मी मोजपट्टी खाली ठेवली.

मंडळी भाड्याच्या गाडीने चिखलदऱ्याला गेली. मेंबर बदलला, गाडी बेंचवर, म्हणजे सांगाडा ओढून सरळ करायच्या चौकटीवर, बांधून सरळ केली, त्याची मंजुरी मी मिळवून दिली. पुन्हा डिलिव्हरीच्या दिवशी काकूंनी फाटकभर रांगोळी घातली. गाडी गेली आणि सगळ्यांच्या आधी त्याच वाकल्या. ठसे एकावर एक, चोख.

"आता जाऊ घाटात," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून राऊत प्रत्येक डिलिव्हरीआधी फरशीवर रांगोळीचा पट्टा ओढतो. गिऱ्हाइकांना वाटतं, मॅनेजर फारच देवभोळा आहे. तो त्यांचा गैरसमज दूर करत नाही. मीही आता गाडी गेली की तिच्याकडे बघत नाही, आधी जमिनीकडे बघते.