लाल तांदळाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट

रूपालीने ग्राफचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला आणि तशीच उभी राहिली. ती बसली नाही की समजायचं, काहीतरी अडलंय.

"मॅडम, लाल तांदूळ पॉझिटिव्ह आलाय."

"कोकणातला?"

"हो. दोन्ही ट्यूबमध्ये. थोडासाच आहे, पण आहे."

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची टेस्टिंग लॅब आहे. धान्यात जीएम माल मिसळला आहे का, हे आम्ही तपासतो. जीएम म्हणजे दुसऱ्या जिवाचं जीन प्रयोगशाळेत बसवून तयार केलेलं पीक. मी तिथे टेक्निकल मॅनेजर आहे आणि रिपोर्टखाली सही माझी असते. रूपाली माझ्या हाताखालची सगळ्यात चांगली अ‍ॅनालिस्ट.

हा तांदूळ सिंधुदुर्गातल्या एका महिला गटाचा होता. वाण जुना, बियाणं घरोघरी जपलेलं. घाटकोपरच्या निमेशभाई नावाच्या एक्सपोर्टरने तो युरोपातल्या एका खरेदीदाराला दाखवला होता. खरेदीदाराची एकच अट होती, जीएमचा अंशही नको. आपल्याकडे जीएम तांदूळ बाजारात नाहीच, त्यामुळे ही टेस्ट सहसा फॉर्मॅलिटी असते. गटाच्या प्रमुख परबताई सॅम्पल घेऊन स्वतः आल्या होत्या आणि रिपोर्टसाठी विक्रोळीला बहिणीकडे थांबल्या होत्या. ही ऑर्डर हातची गेली असती तर त्यांचा तांदूळ पुन्हा व्यापाऱ्याच्या ढिगात गेला असता. त्याहून वाईट म्हणजे, त्यांच्या बियाण्यावर 'भेसळीचं' असा शिक्का बसला असता. तो एकदा बसला की सहज पुसला जात नाही.

आमचं मशीन डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढतं. तुकडा नसेल तर प्रत निघत नाही. बऱ्याच जीएम पिकांत बसवलेलं जीन चालू राहावं म्हणून एक स्विच जोडलेला असतो. आम्ही आधी तो स्विच शोधतो. हा स्विच मूळचा फ्लॉवरवर पडणाऱ्या एका व्हायरसचा, म्हणून आमच्या लॅबमध्ये टिफिनला फ्लॉवरची भाजी आणायला बंदी आहे. बंदी मी घातली आहे आणि सगळे मला हसतात.

पहिला संशय मी आमच्यावरच घेतला. तांदळाऐवजी नुसतं पाणी घालून एक ट्यूब प्रत्येक वेळी चालवतात. लॅबमध्येच घाण असेल तर ती त्या ट्यूबमध्ये दिसते. पाण्याची ट्यूब स्वच्छ होती. ग्राइंडर उघडून पाहिला, तोही स्वच्छ. सॅम्पल पुन्हा दळलं, पुन्हा चालवलं. पुन्हा पॉझिटिव्ह.

मग आमचे डायरेक्टर मेहेंदळे सर केबिनमध्ये आले. त्यांना निमेशभाईंचा फोन येऊन गेला होता. कंटेनर बुक होता आणि हातात जेमतेम दहा दिवस होते.

"अगदी ट्रेस आहे ना? अजून एकदोनदा लावून बघ. एखादा निगेटिव्ह येईलच. तोच रिपोर्ट देऊ."

"सर, हवं ते येईपर्यंतच टेस्ट लावायची असेल तर मशीनची काय गरज? नाणं उडवू."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांना पगार द्यायचे असतात, मला नाही. ते दाराकडे वळले.

"मग पॉझिटिव्ह पाठव आणि मोकळी हो."

"तेही अर्धंच. पॉझिटिव्ह आहे हे कळलं. कशातून आलं ते कुठे कळलंय? दोन दिवस द्या."

सरांनी दोन दिवस दिले.

पॉझिटिव्ह आला म्हणजे तांदूळच जीएम, असं नाही. स्विच सापडला, पण तो कुठल्या झाडाचा हे त्या टेस्टला सांगता येत नाही. प्रत्येक पिकाची स्वतःची एक खूण असते. त्यामुळे ज्या पिकांत जीएम सर्रास असतं, त्यांच्या खुणा आम्ही एकेक करून लावल्या. सोयाबीन नाही. मका नाही. कापूस लावला आणि रेघ सरळ वर गेली.

"कापूस?" रूपालीने आधी स्वतःच्या कुर्त्याकडे पाहिलं.

कपड्यातला कापूस उकळून, ब्लीच होऊन आलेला असतो, त्यात डीएनए फारसा उरत नाही. आणि तो कुर्त्याचा असता तर पाण्याच्या ट्यूबमध्येही दिसला असता. पण माझे वडील कापडगिरणीत होते. कापूस कुठे कुठे शिरतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या घरी तो डाळीत सापडायचा.

मी परबताईंना बोलावून घेतलं. पन्नाशीच्या, ताठ बसणाऱ्या बाई. पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. मी सगळं सरळ सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला.

"आमच्या तांदळात आमी कायेक घालूक नाय, बाई."

"घातलंय असं मी म्हटलेलंच नाही. तुमच्याकडे आसपास कापूस लावतात?"

"कापूस? आमच्याकडे?" त्यांना मी अगदीच शहरी वाटले असणार. "समईच्या वातीक पण बाजारातून आणतंव."

मग मी त्यांना भात झोडपल्यापासून सॅम्पल भरेपर्यंत काय काय केलं ते क्रमाने सांगायला लावलं. भात वाळवलं. भातगिरणीत फक्त टरफल काढलं. तांदूळ पोत्यांत भरला. निमेशभाईंनी नवीन पोती पाठवली होती, ती थोडी कमी पडली. तेव्हा बारा पोती बायकांनी घरची घेतली. सॅम्पल त्यांतल्याच दारापाशी ठेवलेल्या एका पोत्यातून काढलं.

"घरची म्हणजे कसली?"

"म्हशीच्या पेंडीची. चांगली हत. धुवन, उन्हात वाळवन मगेच तांदूळ भरलो."

"कसली पेंड?"

"सरकीची."

रूपालीने कपाळावर हात मारला. सरकी म्हणजे कापसाचं बी. तेल काढून उरलेला चोथा ती पेंड. राज्यातला जवळपास सगळा कापूस बीटी, म्हणजे बोंडअळीला पुरून उरणारं जीन बसवलेला. गोणपाटाच्या विणीत पेंडीची पूड अडकते आणि एका धुण्यात जात नाही. डोळ्याला दिसत नाही, मशीनला दिसते.

परबताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या म्हशीन वाट लावली."

"म्हशीने नाही. आमच्या फॉर्मने. सॅम्पल कुठल्या तारखेचं, किती किलो, सगळं विचारतो. पोतं कसलं, हे कधी विचारलं नाही."

त्यांचा पुढचा प्रश्न बरोबर होता. ती पेंड वाईट असेल तर म्हशीचं दूध पोरांना द्यायचं की नाही? मी सांगितलं, खुशाल द्या. बीटी कापूस परवानगीने पिकतो, पेंड जनावरं वर्षानुवर्षं खातायत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्याने 'मला नको' असं आधीच सांगितलंय, त्याच्या ताटात ते न सांगता जाऊ नये. तंत्रज्ञान चांगलं की वाईट यावर लोक हमरीतुमरीवर येतात. कुठलं पोतं कुठे ठेवायचं, यावर कोणी भांडत नाही.

आता अंदाज होता, पुरावा नव्हता. रूपाली परबताईंबरोबरच गावी गेली. बियाण्याचं भात तिकडे पेंढ्यात गच्च बांधून ठेवतात, त्याला मुडी म्हणतात. तिने वेगवेगळ्या घरांतल्या मुड्यांतून भात घेतलं, नव्या पोत्यांतून तांदूळ घेतला आणि पेंडीच्या बारा पोत्यांतून वेगळा. प्रत्येक वेळी हातमोजे बदलले. गावातल्या बायकांना वाटलं, ही इंजेक्शन देणार.

मुड्या स्वच्छ. नवी पोती स्वच्छ. पेंडीची पोती पॉझिटिव्ह, आणि फक्त कापसाचीच खूण.

निमेशभाईंना फोन मी केला. त्यांना पहिला रिपोर्ट फाइलमधून गायब झालेला हवा होता. मी म्हटलं, पहिला रिपोर्ट राहील, दुसरा त्याच्या शेजारी जाईल, आणि मधे काय झालं ते एका पानावर लिहून देईन. ते दुसरीकडे टेस्ट करून घेतो म्हणाले. जरूर घ्या, म्हटलं. संध्याकाळी त्यांनीच मेहेंदळे सरांना तिन्ही कागद खरेदीदाराला पाठवायला सांगितले.

खरेदीदाराने दोन दिवस उत्तर दिलं नाही. परबताई रोज सकाळी रूपालीला फोन करत होत्या. तिसऱ्या दिवशी मेल आला. बारा पोती बाजूला काढा, बाकीचा माल पाठवा, पुढच्या वर्षी सॅम्पल लॅबच्या माणसाने काढावं. खाली एक ओळ होती. इतकं स्पष्ट लिहून देणारे पुरवठादार कमी भेटतात. मेहेंदळे सरांनी ती ओळ मला वाचून दाखवली आणि नाण्याचा विषय काढला नाही.

बारा पोत्यांतला तांदूळ कोकणातच खपला. पाच किलो मी घेतला. पेज उत्तम होते.

आमच्या फॉर्मवर आता एक रकाना वाढलाय, पोत्यात आधी काय होतं. मोठमोठ्या कंपन्या त्यात 'लागू नाही' लिहितात आणि मी फॉर्म परत पाठवते. या वर्षी परबताईंचा फॉर्म आला, स्वतःच्या अक्षरात भरलेला. त्या रकान्यात लिहिलं होतं, 'नवीन पोतं. म्हशीला दाखवलंसुद्धा नाही.'

तो मी तसाच फाइलला लावला.