पिशवी काढल्यानंतरचं दुखणं

घरातली थोरली सून म्हणून तिला सगळे थोरलीच म्हणत; तिचं सगळं आयुष्य लोकांच्या पायांशी बसण्यात गेलं. चपला-बुटांच्या दुकानात ती लागली तेव्हा तिचं लग्नही व्हायचं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की ही उकिडवी बसायची, बूट चढवायची, अंगठ्यापाशी दाबून बघायची आणि ‘जरा चावतोय’ म्हटलं की उठून वरच्या फळीवरचा दुसरा खोका काढायची. मालक तसा भला माणूस, पण विकणाऱ्यांनी खुर्चीवर बसायचं नाही हा नियम त्याच्या वडिलांपासूनचा.

दुखणं मुलगी झाली त्या बाळंतपणानंतर मागे लागलं. ओटीपोटात, अगदी आत, बोट ठेवून दाखवता येत नाही अशा जागी. पाळी असो नसो, ठणका चालूच. सोनोग्राफ्या झाल्या, दुर्बीण घालून झाली, गोळ्यांनी पित्त तेवढं वाढलं. शेवटी पिशवी काढली. टाके सुकले आणि ठणका पुन्हा हजर.

“पिशवीच राहिली नाही, मग दुखतंय तरी काय?” सासूबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, म्हाताऱ्या खरंच गोंधळल्या होत्या. म्हणूनच थोरलीला ते जास्त लागलं. नवरा तर काहीच विचारेनासा झाला होता.

मग एका डॉक्टरीणबाईंनी तिला फिजिओबाईंकडे धाडलं. फिजिओबाई वयाने लहान, आवाजाने दणदणीत.

“दुखतं म्हणून तुम्ही आतले स्नायू आवळून धरता, आणि आवळता म्हणून आणखी दुखतं. आधी शेकून सैल करू, मग व्यायाम. नुसत्या शेकाने भागायचं नाही हं!”

पडद्याआडच्या खाटेवर तिला झोपवून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला एक गरम पॅक ओटीपोटावर ठेवला, एक कमरेखाली. थोड्या वेळाने बघतात तर थोरलीच्या डोळ्यांतून धारा.

“अगं बाई, भाजतंय का?”

“नाही हो. दुखत नाहीये.”

पण तो आराम घर गाठेपर्यंतही पुरेना. व्यायाम करताना कळ यायची, म्हणून ते तिने हळूहळू टाळले. शेकाचा मात्र तिला नाद लागला. तिने रबरी पिशवी आणली. आधी कोमट पाणी, मग कडकडीत. टॉवेलची घडी आधी पातळ झाली, मग गेलीच. दुकानात खोक्यांच्या खोलीत जाऊन ती पिशवी पोटाशी धरून उभी राहायची.

फिजिओबाईंनी एकदा पोटावरचा पदर बाजूला केला आणि त्या थबकल्या. कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग, मध्ये फुटलेला फोड.

“हे काय करून घेतलंत, ताई?”

बाईंनी काचेच्या दोन नळ्या आणल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार. “डोळे मिटा. आता काय लावलं?”

“गरम.”

“आणि आता?”

थोरली अडखळली. “गार.”

“दोन्ही वेळा गरमच होती. भाजून भाजून कातडी बधिर झालीय. आता शेक बंद.”

“असं नका करू हो! तेवढंच तर आहे मला.”

“मी पॅक ठेवला तर भाजून निघाल, तुम्हाला कळणारही नाही. आपण श्वासाचे व्यायाम करू.”

“त्याने थांबेल?”

“कमी होईल, वेळ लागेल.”

“किती?”

दणदणीत आवाज एकदम खाली आला. “तसं नाही सांगता येत.”

त्यानंतरही ती काही दिवस गेली. खाटेवर पडून पोट फुगवायचं, सोडायचं. एकदा पडद्यापलीकडे कुणी नवी बाई आली. तिला पॅक ठेवल्याचं ऐकू आलं, आणि मग तिचा लांबलचक सुस्कारा. थोरली उठली, चप्पल पायात सरकवली आणि कुणाला न सांगता बाहेर पडली. पुन्हा म्हणून तिकडे फिरकली नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, “आता कसंय गं?”

“बरंय,” ती म्हणाली.

सगळ्यांनाच हायसं वाटलं.