देओलिंदाची खेप

देओलिंदाचा गुडघा ठणकत होता आणि नेमकी या महिन्यात औषधांची खेप तिचीच होती. झांबेझीकाठच्या त्या गावात एचआयव्हीची गोळी रोज घेणाऱ्या सहाजणांचा गट होता. दर महिन्याला एकाने चाप्यात, म्हणजे माणसं कोंबलेल्या टेम्पोत, हाडं खिळखिळी करून घेत इस्पितळात जायचं आणि सगळ्यांच्या बाटल्या आणायच्या. देओलिंदा गटाची प्रमुख. त्यामुळे कोणी आजारी पडलं, कोणी रुसलं, की त्याची खेपही हिच्याच गळ्यात. तिला अगदी वीट आला होता.

म्हणून गटातलाच झेफेरिनो "आई, या वेळी मी जातो" म्हणाला (गटात सगळ्यांचीच ती आई), तेव्हा तिला हायसं वाटलं. हा सायकली दुरुस्त करणारा गडी चुकारपणात पटाईत. खेप आली की याला हमखास ताप भरायचा.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" शेजारची फिलोमेना म्हणाली.

"हसा हसा. माझी पुढची खेप आत्ताच उरकून टाकतो. कोणाचं काही राहायला नको."

सगळे हसले. देओलिंदाही हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परतला. देओलिंदाच्या अंगणात गट जमला, चुलीवर मक्याच्या पिठाची शिमा रटरटत होती. झेफेरिनोने एकेकाच्या हातात बाटली ठेवली, फिलोमेनाची तर थट्टाही केली. मग रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

"आणि तुझी?" देओलिंदाने विचारलं.

"संपल्या होत्या गं. पुढच्या वेळी."

मंडळी उठली. देओलिंदाच्या हातातलं लाकडी उलथनं मात्र थांबलं. इस्पितळात जो जातो त्याचंच रक्त आधी तपासतात, त्याचीच बाटली आधी भरतात. इतरांची एखादी राहील, त्याची राहायची नाही. कोणाचं काही राहायला नको, असं हा म्हणाला होता. बायको मुलांना घेऊन माहेरी गेल्यापासून याच्या दारातल्या सायकली कमी कमी होत गेल्या होत्या आणि काल तिथं एकही नव्हती. सगळ्यांच्या परत करून टाकल्या होत्या. आपण ते बघितलं आणि आपल्याच गुडघ्याच्या नादात पुढं गेलो, याचा तिला भयंकर राग आला.

तो कुंपणापाशी पोचला होता.

"झेफेरिनो, इकडे ये. मरायचं ठरवलंयस का?"

तो वळला. परत आला आणि चुलीजवळ बसला.

"थकलो गं आई," विस्तवाकडे बघत तो म्हणाला. "रोज ती गोळी हातात घेतो आणि वाटतं, कोणासाठी गिळायची?"

"मला नाही ठाऊक कोणासाठी. मीही थकलेय," देओलिंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत. "पण आज तू इथंच जेवायचं आणि इथंच झोपायचं. सकाळी इस्पितळात, त्या मनाचं दुखणं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. तुझी बाटलीही आणायची."

"पुन्हा तो चापा? एकटा नाही जाणार मी."

"एकट्याला पाठवतंय कोण?"

"तुझा गुडघा गं..."

"गुडघ्याचं नाव काढू नकोस," दुसरं ताट पुढं ओढत ती म्हणाली. "या महिन्याची खेप माझीच होती."