टिकली उजवीकडे

नंदूदादा गेल्यापासून आमच्या मजल्यावर फार आवाज होतो.

आज वर्ष झालं, म्हणून हे चार शब्द.

तो आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. वारज्यात तेव्हा बिल्डिंगपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. तो रोज येरवड्याला जायचा, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करायला. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो, असं तो म्हणायचा.

रविवारी तो हेडफोन मोजायचा.

हो, मोजायचा. प्लायवूडच्या एका ठोकळ्याला त्याने दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचे कान बसवले होते. कानांच्या आत बारीक माइक. ठोकळ्याचं नाव तात्या.

तात्याला हेडफोन घालायचा. मग कॉम्प्युटरवरून एक शिट्टी सोडायची, जाड आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंत चढत जाणारी. तिला तो स्वीप म्हणायचा. तात्याने जे ऐकलं त्याची रेघ स्क्रीनवर उमटायची. रेघेत जिथे उंचवटा असेल तिथे आवाज कमी करायचा, खड्डा असेल तिथे थोडा भरायचा.

स्वीप दहा सेकंदांचा. तेवढा वेळ पूर्ण शांतता हवी.

म्हणून तो दार उघडून जिन्यात ओरडायचा, "स्वीप!"

आणि मजला थांबायचा. पंखे बंद. माझ्या सासूबाईंचा हात खोबऱ्यासकट किसणीवर थांबलेला. एकदा इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन पायरीवर एका पायावर उभा होता.

एका रविवारी रेघेत मधेच डोंगर आला.

"हे काय आलं?" दादा ओरडला.

"कुकर," वैशालीवहिनी आतून म्हणाल्या. "त्याला तुम्ही सांगितलं नव्हतं."

मी तेव्हा एका संस्थेसाठी मुलाखती उतरवून काढायचे. कारखान्यांत काम केलेल्या बायकांच्या आठवणी. हेडफोन लावायचा, ऐकायचं, टाइप करायचं. मला ते काम फार आवडायचं.

मग एका तापात डावा कान बिघडला. शब्दांची टोकं ऐकू येईनात. कागद लाल खुणांनी भरून परत आले.

"थोडे दिवस थांबू या का?" संस्थेतल्या बाईंनी विचारलं. अगदी नम्रपणे. ते जास्त लागलं.

मी दादाला सांगितलं.

"आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. मग तात्याकडे."

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाला बारीक आवाज आता कमीच ऐकू येणार.

दादाने तीन रविवार घालवले. आधी माझा हेडफोन मोजला. मग मला खुर्चीत बसवून एकेक सूर ऐकवला. ऐकू आला की बोट वर. मग डाव्या कानासाठी एक रेघ, उजव्यासाठी दुसरी, आणि दोन्ही माझ्या कॉम्प्युटरवर चढवल्या.

"घाल. ऐक."

मी ऐकलं. काहीतरी खुपलं. सुधारलं तर काहीच नव्हतं.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वा!" मी म्हटलं. "काय फरक आहे, दादा!"

आठ दिवस मी तो लावून परत आलेल्या मुलाखती पुन्हा उतरवल्या. उजव्या कानात प्रत्येक 'स' सुईसारखा घुसत होता. डावीकडे पूर्वीसारखंच धुकं. पण रोज जिन्यात तो विचारायचा आणि रोज मी सांगायचे, "मस्त."

नवव्या दिवशी तो विरजण मागायला आला. मी टेबलापाशी होते, हेडफोन लावून.

तो दारातच थांबला.

"वायर डाव्या बाजूने यायला हवी."

"म्हणजे?"

"म्हणजे तू उलटा घातलायस. कधीपासून?"

हेडफोनवरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा केव्हाच पुसल्या होत्या.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

"मग मस्त कसं?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटावं म्हणून मी मोजत नाही." तो चिडला होता. "तो तात्या बघ. प्लायवूडचा आहे. पण कधी कुणाचं मन राखत नाही."

वहिनी मागोमाग आल्या होत्या. त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि हेडफोनच्या एका बाजूला चिकटवली.

"टिकली उजवीकडे. आता भांडा."

मी तो सुलट घातला. मुलाखत सुरू केली.

एक म्हातारी बाई बोलत होती. शब्द शेवटपर्यंत येत होते. तिच्या बांगड्या वाजल्या. मागे कुणीतरी कप बशीत ठेवला. हसण्याआधी तिने श्वास घेतला, तोही ऐकू आला.

मी हसायला लागले. थांबता येईना.

"आता खरं सांग," दादा म्हणाला.

"खरं सांगू? अजून किंचित टोचतंय. वरच्या आवाजात."

दादाचा चेहरा उजळला. माझ्या "वा"ने तो एवढा खूश झाला नव्हता.

"कुठे? डावीकडे की उजवीकडे? थांब, थांब." विरजण विसरून तो खुर्ची ओढून बसला.

पुढच्या महिन्यात संस्थेकडून नव्या मुलाखती आल्या. आजही येतात. हेडफोनच्या गाद्या दोनदा बदलल्या. टिकल्या किती बदलल्या, ते वहिनींना ठाऊक.

मागच्या वर्षी तो गेला तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमलो. सेक्रेटरी म्हणाले, "आपण दोन मिनिटं शांत उभे राहू."

"दोन मिनिटं कशाला?" वहिनी म्हणाल्या. "त्यांना दहा सेकंद पुरायचे."

मग त्या दारात गेल्या आणि जिन्यात ओरडल्या, "स्वीप!"

कुणीतरी पंखे बंद केले. सगळे होते तिथे थांबले. सातव्या-आठव्या सेकंदाला वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली.

आधी वहिनी हसल्या. मग आम्ही सगळेच.

दादा, कुणी विचारलं की मी सांगते, आमचं छान चाललंय.

तुला खरं सांगते. तितकंसं नाही.

टिकली उजवीकडेच आहे.

नमस्कार.